गाभोळीचे कौतुक पुरे, मासळीचा आकारही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत गाभोळीचे, म्हणजे माशाच्या पोटातल्या अंड्यांचे, कौतुक करत दिलेला 'मे महिन्यात गाभोळी भरलेली मासळीच निवडून घ्या' असा सल्ला वाचला आणि राहवेना म्हणून लिहिते आहे. मी महाविद्यालयात अनेक वर्षे प्राणिशास्त्र शिकवले. गणेश पेठेच्या मासळी बाजारात तर त्याच्या आधीपासून जाते आहे.

परवाच तिथून अर्धा किलो तारली (इंग्रजीत ऑइल सार्डिन) आणली. "ताई, सगळी गाभोळीची आहे, डोळे मिटून न्या," असे सांगून मावशींनी ती पिशवीत घातली. घरी पोट चिरले तर दोन्ही बाजूंना पिवळसर गाभोळी ठासून भरलेली. आतडे तिच्यामागे दबून दोऱ्याएवढे झालेले. हीच तारली कार्तिकात चिरली की आतड्याभोवती पांढरी चरबी दिसते, बोटे बुळबुळीत होतात, धुतलेल्या पाण्यावर तेलाचा तवंग येतो. तव्यावर तेलाचा थेंब सोडला तरी पुरतो. मेमधली मात्र गाभोळी काढून घेतली की कोरडी, चोथट लागते. मधल्या महिन्यांत चरबी गेली कुठे? बरीचशी त्या गाभोळीतच.

तारलीच्या कुळातल्या हेरिंग माशावर उत्तर युरोपात हा हिशेब फार बारकाईने मांडला गेला आहे. नॉर्वेच्या किनाऱ्यावरचे हेरिंग उन्हाळ्यात समुद्रातले कोपेपॉड नावाचे इवलेसे तरंगते जीव खाऊन अंगात चरबी साठवते. शंभर ग्रॅम माशात वीस ग्रॅमच्या घरात. थंडीचे महिने ते जवळजवळ उपाशी काढते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तळाच्या खडीवर चिकट अंडी घालते. म्हणजे जगण्याचा, पोहण्याचा आणि अंडी पोसण्याचा सगळा खर्च साठवलेल्या चरबीतून आणि अंगातल्या मांसातून. मला यातली सर्वांत विलक्षण वाटते ती पुढची गोष्ट. सुरुवातीला मादी हजारोंनी अंडी धरते, पण सगळी पोसणे झेपणार नसेल तर त्यांतली बरीचशी ती अंगातच जिरवून टाकते. उन्हाळा उपासमारीचा गेला की गाभोळी लहान. वर्गात हे शिकवताना मी दरवेळी दोन मिनिटे जास्तच रेंगाळत असे.

हॉलंडमधले खवय्ये तर गाभोळी धरण्याआधीचे हेरिंगच शोधतात. माचेस नावाने ते मे ते जुलैच्या सुमारास मिळते आणि त्यात किमान 16 टक्के चरबी असावी लागते. मासा कशाने चविष्ट होतो, हे त्यांनी ओळखले आहे.

तारलीचे सगळेच हेरिंगसारखे नाही. ती पावसाळ्यात, साधारण जून ते ऑगस्टमध्ये, उघड्या पाण्यात टप्प्याटप्प्याने अंडी सोडते आणि ती अंडी तरंगतात. पण मोठा फरक आयुष्याचा आहे. हेरिंग पंधरा-वीस वर्षे जगू शकते. तारलीला दोन-तीन वर्षे मिळाली तरी पुष्कळ. वर्षभरात, साधारण 15 सेंटिमीटरची, म्हणजे वितीला चार बोटे कमी एवढी झाली की ती पहिल्यांदा गाभोळी धरते. तिच्या वाट्याला असे एक-दोनच पावसाळे येतात. त्यातला पहिलाच आपण हिरावून घेतला तर उरले काय?

एवढे दीर्घायुषी हेरिंगही माणसापुढे टिकले नाही. 1950 च्या दशकात नॉर्वेकडच्या या माशाचा साठा कोटभर टनांचा होता. पिल्ले आणि मोठे मासे दोन्ही बेसुमार उपसल्यामुळे 1960 चे दशक सरता सरता तो जवळजवळ संपला आणि सावरायला वीसेक वर्षे गेली. आपल्याकडे केरळात 2012 मध्ये तारली सुमारे 3.9 लाख टन मिळाली होती, 2021 मध्ये साडेतीन हजार टनही नाही. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने यामागे एल निनोच्या, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापते त्या, वर्षांतल्या समुद्राच्या बदलांचाही हात असल्याचे दाखवले आहे, तेव्हा सगळा दोष जाळ्याला देणे योग्य नाही. पण समुद्राचे तापमान मी गणेश पेठेत उभी राहून कमी करू शकत नाही. मासा कोणता घ्यायचा, एवढे मात्र माझ्या हातात आहे.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते, हे उत्तमच. महाराष्ट्राने 2023 मध्ये 54 जातींसाठी किमान आकाराचा नियमही केला. मात्र गिऱ्हाईकच बोटभर तारली मागत असेल आणि मेमध्ये गाभोळीला जादा भाव देत असेल, तर नियम पाळणाऱ्या कोळ्याचेच नुकसान होते. कार्तिक-मार्गशीर्षातली पंधरा सेंटिमीटरच्या वरची तारली घ्यावी. तिने बहुधा एक पावसाळा अंडी सोडून झालेली असतात आणि चरबीही पुन्हा भरलेली असते.

आपल्या अंकात दर आठवड्याला गणेश पेठेतले मासळीचे भाव येतात. त्यात भावाशेजारी त्या दिवशी आलेल्या मासळीची साधारण लांबी छापावी. एका रकान्याची जागा लागेल. आणि येत्या नारळी पौर्णिमेनंतर पुरवणीत तारलीची पाककृती देणार असाल, तर 'कोवळी, लहान तारली घ्या' हे वाक्य कृपया त्यात नसावे.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका, रास्ता पेठ, पुणे