आधी घरचं अर्थिंग बघा, मग पॉवर कंडिशनर घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत होम थिएटरवरचा लेख वाचला, चांगला होता, पण त्यात पॉवर कंडिशनर (लाइटीतली खरखर गाळणारा डबा), भारी पॉवर केबल, स्टॅबिलायझर घ्या असं सरळ लिहिलंय आणि अर्थिंग हा शब्द एकदाही नाही, म्हणून हे पत्र. कारण मी हे सगळं घेऊन बसलोय.

आम्ही मिरजेचे. गल्लीत दोन घरं सोडली की तंबोरे बनवणारे, त्यामुळं घरात सुराचे कान सगळ्यांनाच आहेत. दोन वर्षांपूर्वी ॲम्प्लिफायर, स्पीकर, मोठा टीव्ही असा सेट घेतला आणि पहिल्याच दिवशी आलापी ऐकताना मागं बारीक घूंऽऽ. बायको म्हणाली हा पांढरी पाचच्या (पेटीची पाचवी पांढरी पट्टी) किंचित वर लागतोय. नंतर कळलं की बरोबर होतं तिचं, आपली लाइट ५० हर्ट्झची, त्याची दुप्पट १००, आणि खालच्या सप्तकातली पांढरी पाच ९८ च्या आसपास येते.

दुकानदार म्हणाला लाइट खराब आहे, कंडिशनर लावा. लावला, ३८ हजार गेले. मिक्सर चालू केला की स्पीकरमधनं जी खरखर यायची ती कमी झाली, हे मान्य करतो, पण घूं तसाच. मग जाड पॉवर केबल, त्यानं तर काडीचा फरक पडला नाही. टीव्हीला स्टॅबिलायझर घेतला तो रात्रभर टकटक करायचा, आणि एक दिवस टीव्हीच्या मागं बघतोय तर स्पष्ट छापलंय १०० ते २४० व्होल्ट, म्हणजे तो आतल्या आत सांभाळून घेतोच की. चित्र उजळेल, काळा रंग गडद होईल म्हणत होते, मला तरी काही दिसलं नाही.

शेवटी दुकानातल्या पोरानं सांगितलं, काका ॲम्प्लिफायरच्या प्लगची मोठी पिन काढून टाका. अहो हे फार वाईट. हमिंग त्यानं जातं खरं, पण आत फेजची वायर सुटून पत्र्याला लागली तर सगळा डबाच लाइव्ह, हात लावणारा गेला! असं सांगणारे सगळीकडं आहेत म्हणून मुद्दाम लिहितोय.

आमच्या जुन्या वायरमनला बोलावलं. त्यानं सेटटॉप बॉक्सची केबलवाल्याची वायर उपसली आणि घूं गायब! म्हणजे ॲम्प्लिफायरला अर्थ घरचा आणि त्या वायरीच्या जाळीतनं दुसरा अर्थ गल्लीतल्या खांबावरचा, दोघांच्या व्होल्टेजमध्ये फरक, त्यामुळं करंट ॲम्प्लिफायरमधनं फिरत होता. वायरीत एक छोटा आयसोलेटर (सिग्नल जाऊ देतो, अर्थची जोडणी तोडतो) टाकला, चारशे रुपये, संपला विषय. (छतावर डिश असेल तर हा चालत नाही, त्याच वायरीतनं छत्रीला करंट जातो.)

मग त्यानं मीटर लावून न्यूट्रल आणि अर्थमध्ये बघितलं तर १४ व्होल्ट, म्हणाला दोन-तीनच्या वर नको. आमचा अर्थचा खड्डा कोरडा ठणठणीत, पाइप गंजलेला. टीव्हीच्या बॉक्सला हात लावला की झिणझिण्या यायच्या त्या का ते तेव्हा समजलं. अर्थच धड नसेल तर स्पाइक गार्डनं (झटका अडवणारा प्लगचा बोर्ड) अर्थकडं ढकलायचं ते जादा व्होल्टेज ढकलायचं कुठं? नवीन पाइप, कोळसा, मीठ, मजुरी धरून साडेचार हजार.

एक गोष्ट मात्र घ्याच, जादा व्होल्टेजला लाइट तोडणारं कटऑफ. पलीकडच्या गल्लीत खांबावर न्यूट्रल तुटला तेव्हा २३० च्या जागी तीनशेच्या वर आलं आणि चार घरचे टीव्ही गेले, तिथं स्पाइक गार्ड काय करणार, त्याचं काम क्षणभराच्या झटक्याचं, आणि दर झटक्याला तो स्वतःही थोडा झिजतोच.

तेव्हा पुढच्या पुरवणीत अर्थिंगवर एक चौकट तरी टाका आणि पिन कापू नका हे मोठ्या अक्षरात छापा. कंडिशनर आता स्वयंपाकघरात मिक्सरला लावलाय, खरखर तिथूनच यायची ना. आणि मे महिन्यात बॉक्सला परत झिणझिण्या लागल्या की मी खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओततो.

आपला,
एक वाचक, मिरज