सूक्ष्मदर्शकाच्या टेबलावरच्या ताईंना

प्रिय ताई,

तुमच्या कॉलेजातल्या विज्ञान दिनाच्या गर्दीत तुमचं नाव कळलं नाही. पांढऱ्या एप्रनच्या खिशावर शाईचा डाग होता आणि दुपारभर तुम्ही एकदाही खुर्चीला टेकला नव्हता, एवढं लक्षात आहे. पूर्णगडहून आलेली, चष्मा लावणारी नववीतली मुलगी आठवते का? तिची मी आई. बाजारात मासळी विकते. पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुम्ही काय केलंत ते चार लोकांना कळायला हवं.

रांग मोठी होती, मागची मुलं ढकलत होती. माझ्या लेकीने डोळा लावला, लगेच काढला आणि म्हणाली, ‘दिसलं.’ तिला काही दिसलं नव्हतं. आपल्यामुळे कुणाचा खोळंबा नको म्हणून ती नेहमी असंच म्हणते. हे मला कळतं, मी आई आहे. तुम्हाला कसं कळलं, ताई?

‘नाही दिसलं तरी चालतं गं,’ म्हणालात. ‘पहिल्या वर्षी मला नुसत्या माझ्याच पापण्या दिसायच्या.’ मग तिला चष्मा काढायला लावलात, तिचा हात धरून बाजूच्या चाकावर ठेवलात आणि आपला हात मागे घेतलात. ‘तू फिरव. हळू. दिसेपर्यंत डोळा काढायचा नाही.’ आणि रांगेला म्हणालात, ‘थांबा जरा, तिचं चाललंय.’

त्या ‘तिचं चाललंय’साठी हे सगळं पत्र आहे.

कारण याआधी एका मोठ्या संस्थेच्या प्रदर्शनाला आम्ही गेलो होतो. पाहुणे येईपर्यंत पोरांना मांडवात बसवून ठेवलं, आणि पाहुणे आले ते भाषण करून गेले. यंत्रांपुढे दोरी, वर पाटी: हात लावू नये. माझ्या मुलीने एक प्रश्न विचारला, तर तिथल्या सरांनी उलट तिचे टक्के विचारले. टक्के ऐकून पुढे काही बोललेच नाहीत. आणि भाषणात काय, तर मच्छीमारांच्या मुलांनी आता समुद्रातून बाहेर पडावं. ज्या समुद्रावर आमची चूल पेटते त्याबद्दल असं बोलले, आणि पोरं माना खाली घालून ऐकत होती. मला तो दिवस अजून पचलेला नाही.

तुमच्या टेबलावर शेवटी तिला दिसलं. खाडीच्या पाण्याच्या एका थेंबात कोळंबीच्या पिल्लासारखं काहीतरी, लांब मिशांचं, झटके देत पळणारं. ‘एकच डोळा आहे त्याला!’ ती एवढ्या मोठ्याने ओरडली की मी दचकले. तुम्ही म्हणालात, कोपेपॉड. शेजारी डायटम होते, म्हणजे सिलिकाचं कवच असलेलं एकपेशीय शेवाळ. पृथ्वीवर जेवढा ऑक्सिजन तयार होतो त्यातला जवळजवळ निम्मा समुद्रातल्या डायटमसारख्या, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांकडून येतो, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा रांगेतले मोठे लोकही गप्प झाले.

पण खरी मजा पुढे. बांगडा हेच खातो म्हणालात आणि तिला विचारलंत, एवढंसं कसं पकडत असेल? ती म्हणाली, कल्ल्याच्या आत फणीसारखे दाते असतात, साफ करताना बोटाला लागतात, त्यात अडकत असेल. बरोबर निघालं! तुम्ही पुढच्या दोन मुलांना तिच्याकडूनच ते समजून घ्यायला लावलंत. घरच्या कामातली माहिती कॉलेजात खरी ठरते, हे तिने पहिल्यांदा पाहिलं. मीही.

शास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांची गोष्टही तिने घरी येऊन आजीला सांगितली. १९२१ साली बोटीने परत येताना समुद्र निळा का, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात बसला, आणि त्याच वाटेवर पुढे २८ फेब्रुवारी १९२८ ला प्रकाशाच्या विखुरण्याबद्दलचा त्यांचा शोध, रामन परिणाम, लागला. म्हणून आपण त्या दिवशी विज्ञान दिन करतो. आजी म्हणाली, निळा का ते आम्ही कधी विचारलंच नाही, आम्ही गढूळ कधी होतो तेवढं बघायचो.

बँकेत स्लिप भरून देणारा कारकून असतो, दवाखान्यात म्हाताऱ्याला गोळ्या पुन्हा पुन्हा समजावणारी सिस्टर असते. दुसऱ्याला समजेपर्यंत थांबणारी अशी माणसं असतात म्हणून आमच्यासारख्यांचं चालतं. त्यांना पगार त्याचा मिळत नाही.

मुलगी आता बारावी सायन्स, सीईटी आणि मत्स्यविज्ञानाची चार वर्षांची पदवी असं सगळं वहीत लिहून बसलीय. होईल न होईल, पुढचं पुढे. पुढच्या विज्ञान दिनाला वाडीतली आणखी मुलं आणायची ठरलीय, जीपवाल्याशी बोलणं झालंय. मुचकुंदीच्या खाडीचं पाणीही बाटलीत भरून आणू. फक्त भरतीचं आणू की ओहोटीचं, आणि उधाणाच्या दिवसाचं चालेल का, ते कळवा.

तुमची,
पूर्णगडची एक आई