फेब्रुवारीत आमच्या पाड्यावर कोण सापडणार?

मा. जिल्हाधिकारी, नाशिक यांस,
सप्रेम नमस्कार.

२०११च्या जनगणनेत मी प्रगणक होतो. पेठ तालुक्यातले दोन पाडे माझ्याकडे होते. फेब्रुवारीत कागद घेऊन गेलो, तर घरोघरी कडीला तार गुंडाळलेली. एका ओट्यावर एक आजी दोन नातवंडांना नागलीची भाकर भरवत होती. म्हणाली, "सगळी जगायला गेलीत, गुरुजी. आता आखाजीलाच येतील." म्हणजे अक्षय्य तृतीयेला.

आमच्याकडे स्थलांतर असा शब्द कुणी वापरत नाही. जगायला जातात. भात, नागली, वरई घरात आली, दिवाळी झाली, की टोळ्या निघतात. इथे पाऊस धो धो पडतो, पण उतारावर थांबत नाही. दमणगंगा, पार, नार सगळ्या गुजरातकडे वाहतात आणि उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन दरीत उतरतात. दुसरं पीक घ्यायचं कशावर? दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांना मात्र तेव्हाच हात हवे असतात. ऑक्टोबर छाटणीनंतर डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, विरळणी, मग खुडणी. पहाटे नाशिकजवळच्या गिरणाऱ्याला, मजुरांच्या बाजारात जाऊन पाहावं. गाठोडी, पातेली, कडेवर पोर घेऊन माणसं उभी असतात. बागायतदाराची पिकअप थांबते, उक्त्याचा भाव ठरतो, टोळी चढते. पुढचे महिने बागेच्या कडेला ताडपत्रीखाली.

आता २०२७ची गणना. संदर्भ दिनांक १ मार्च, म्हणजे माणसं मोजायची वेळ पुन्हा फेब्रुवारीच. २०११चा नियम असा होता की गणनेच्या पूर्ण काळात जो गावात नाही, त्याची नोंद तो असेल तिथे व्हायची. पण बागेतल्या ताडपत्रीपर्यंत कोण जातं? तिथल्या प्रगणकाला ते परगावचे, आणि मी माझ्या कागदावर 'घर बंद' लिहून परतलो. ती माणसं दोन्हीकडून सुटली असतील, ही रुखरुख मला आजही आहे.

हा प्रश्न नुसत्या आकड्याचा नाही. आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येला उपकेंद्र, २०,०००ला प्राथमिक आरोग्य केंद्र. अंगणवाडी, ग्रामपंचायतीचा निधी, सगळं याच आकड्यावर बेततात. माणसं कमी दिसली तर गावात कामं कमी येतील, आणि कामं नसली की लोक पुन्हा जगायला जाणार. रोजगार हमी ही महाराष्ट्राने देशाला दिलेली गोष्ट, १९७७चा कायदा आपला. तिचं काम दिवाळीनंतर लगेच पाड्यावर निघालं असतं, तर कितीतरी घरं थांबली असती.

नियम बदलणं आपल्या हातात नाही, हे मी जाणतो. पण जिल्ह्याचे प्रमुख जनगणना अधिकारी आपणच. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीच्या ग्रामसभांत दिवाळीआधी कोण कुठे जाणार याची यादी करवून घ्या. ती यादी निफाड, दिंडोरीच्या प्रगणकांच्या हाती द्या, आणि बागांमधल्या पालांसाठी वेगळी माणसं नेमा. यादीची एक प्रत जिल्हा नियोजनातही ठेवा, म्हणजे पाड्याचा निधी ठरवताना गेलेली माणसंही डोळ्यांसमोर राहतील.

मी आता निवृत्त आहे. टोळ्यांचे मुकादम मला ओळखतात, त्यातले काही माझ्याच वर्गात शिकलेत. आपण सांगाल त्या पहाटे मी गिरणाऱ्याला येऊन उभा राहीन. मानधन नको.

आपला,
पेठ तालुक्यातला एक माजी शिक्षक