फादरला सांगितलं की सुटला, असं नसतं ओ

संपादक साहेब, नमस्कार.

मागे तुमच्या वाचकांच्या पत्रांत एकानं भ्रष्टाचारावर लिहिताना जाता जाता एक टोला हाणला होता, की ख्रिश्चन लोकांचं बरं असतं, आठवडाभर काय वाट्टेल ते करायचं आणि रविवारी फादरच्या कानात सांगून मोकळं व्हायचं. पत्र तसं चांगलं होतं, राग नाही आला, कारण सांगलीच्या मार्केट यार्डात मी हेच वाक्य कायम ऐकतो. हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे मी, चहाच्या टायमाला कुणी ना कुणी बोलतंच. पण आता छापून आलंय तर उत्तर पण छापून यावं असं वाटलं.

आधी एक सांगतो, आम्ही कॅथलिक. आमच्या मिरजेत ख्रिश्चन म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढं वॉनलेस येतं, पण 1894 चं ते हॉस्पिटल प्रेस्बिटेरियन मिशननं काढलेलं, म्हणजे प्रोटेस्टंट. आमचं जरा वेगळं, पोप, लग्न न केलेले फादर, मरियामातेची जपमाळ आणि हे कन्फेशन. दहा आज्ञा मोजण्यात पण फरक आहे, ‘चोरी करू नको’ ही आमची सातवी आणि त्यांची आठवी. चोरी मात्र दोघांकडं तीच!

तर कन्फेशन. आधी स्वतःच स्वतःची झडती घ्यायची, मनापासून वाईट वाटलं पाहिजे, परत करणार नाही असं ठरवायचं, मग फादरपुढं तोंडानं बोलायचं आणि ते सांगतील ते प्रायश्चित्त करायचं. ऐकलेलं फादरनं बाहेर फोडलं तर तोच चर्चमधून आपोआप बहिष्कृत होतो, मग समोर पोलीस असोत नाहीतर कोर्ट. लोकांना इथपर्यंत माहीत असतं, सिनेमात बघितलेलं असतं. पण ज्याचं लुबाडलंय त्याचं त्याला परत द्यायची तयारीच नसेल तर कसली माफी, हे कोण सांगत नाही. चर्चचा 1992 चा धर्मशिक्षणाचा ग्रंथ आहे त्यात 2412 नंबरला चोरलेलं मालकाला परत द्यायलाच पाहिजे हे सरळ लिहिलंय (दिवाणजी माणूस, नंबर लक्षात राहतात). आणि चोरी म्हणजे नुसतं पाकीट मारणं नाही, जरा आधी 2409 ला यादीच दिलीय, मजुराला कमी मजुरी देणं, दुसऱ्याची अडचण बघून भाव चढवणं, काम नीट न करणं, टॅक्स चुकवणं, चेक आणि बिलात फेरफार करणं. ही यादी यार्डाच्या गेटवर लावली तर निम्मी दुकानं दुपारनंतर उघडतील, आमचं धरून.

बायबलमध्ये जक्कय म्हणून एक जकातदार आहे, बुटका, येशूला बघायला उंबराच्या झाडावर चढला होता. येशू त्याच्या घरी उतरल्यावर तो म्हणाला, माझं अर्धं धन गरिबांना देतो आणि कुणाचं अन्यायानं घेतलं असेल तर चौपट परत करतो. या घराला आज तारण मिळालं हे येशू त्यानंतर म्हणतो, आधी नाही, हे बघण्यासारखं आहे.

आता हे पुस्तकातलं झालं. आमच्यातला एक जण मोटर वायंडिंग करायचा, नाव कशाला पाहिजे. नदीकाठच्या शेतकऱ्यांच्या पाण्याच्या मोटरी जळाल्या की याच्याकडं यायच्या. तांब्याची तार भरली म्हणून बिल लावायचा आणि आत ॲल्युमिनियम, शिवाय जळालेली जुनी तार भंगारात घालायचा तिचे पैसे पण बिलातून वजा करत नव्हता. शेतकरी मोटर उघडून थोडीच बघतोय, वर्षाच्या आत परत जळली की व्होल्टेजला शिव्या घालायचा. पुढं याच्या मनानं काय घेतलं देव जाणे, कन्फेशनला गेला, आणि फादरनी (हे त्यानं स्वतःच सगळ्यांना सांगितलंय, फादर सांगणार नाहीत) जपमाळेवर भागवलं नाही, विचारलं, त्या लोकांचं काय?

मग हा बाबा जुनी बिलबुकं काढून बसला. ज्यांची नावं-गावं सापडली त्यांच्याकडं गाडी काढून गेला, एका वेळी जमेल तेवढे पैसे घेऊन. एका घरी बसवलं, चहा दिला, हा नुसता घुटमळतोय, विषय कसा काढायचा कळेना, तर त्या माणसाला वाटलं उसने मागायला आलाय, तोच आधी म्हणाला, “यंदा आमचंच लई अडलंय बघा, पुढच्या वर्षी बघू.” ह्यानं खिशातनं पाकीट काढून पुढं केलं तर बायकोला हाक मारून म्हणाला, “अगं ये की हिकडं, ह्यो माणूस काय म्हणतोय मला कळंना झालंय.” दुसऱ्या एकानं पैसे मोजून घेतले आणि वर गावभर सांगितलं की तो चोर आहे, तो धंदा पण गेला. जे सापडलेच नाहीत त्यांच्या वाटणीचं गरिबाला द्यायचं असतं, तेही देतोय अजून. सांगा आता, कानात सांगून मोकळा झाला का हा? सगळेच कॅथलिक असं करतात असं माझं म्हणणं नाही, तुमच्या त्या वाचकानं म्हटलंय तसे पण आमच्यात आहेत, आणि त्यांनाही चर्चमध्ये पुढची बाकं लागतात.

अजून एक. यंदा, म्हणजे 2026 ला, महाशिवरात्र 15 फेब्रुवारीला, आमचा राखेचा बुधवार (ईस्टरआधीचा आमचा उपासकाळ त्या दिवशी सुरू होतो) 18 ला आणि रमजानही त्याच आठवड्यात. म्हणजे आमच्या दुकानात हमाल, मी आणि टेम्पोवाला चाचा, सगळ्यांचे उपास एकापाठोपाठ, आणि नेमकी नव्या हळदीची आवक. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आधीचा रविवार) झावळ्या जाळून राख करतात, ती फादर कपाळाला लावतात. हमाल विचारतात, “दिवाणजी, अंगारा कुठल्या देवाचा?” गंमत अशी की त्याच दिवशी मिस्सात (चर्चमधली आमची मुख्य उपासना) बायबलमधलं वाचतात की उपास करताना तोंड धू, डोक्याला तेल लाव, लोकांना दिसू देऊ नको, आणि आम्ही कपाळावर राख घेऊन बाहेर पडतो. याचं उत्तर मला अजून पटेल असं कुणी दिलेलं नाही.

साबुदाणा चालतो का हा पुढचा प्रश्न ठरलेला. चालतो ओ, काय पण चालतं, फक्त मांस नाही. पोटभर जेवण एकदाच आणि दोन वेळा अगदी थोडं, 18 ते 59 वयाच्या लोकांना, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडेला. उपासकाळातल्या बाकीच्या शुक्रवारी नुसतं मांस बंद, मासे चालतात. हे ऐकून आमच्या दुकानाचे शेठ म्हणतात, मग तो कसला उपास! त्यांना मी यशया संदेष्ट्याचं सांगतो, 58 वा अध्याय, की देवाला आवडणारा उपास म्हणजे अन्यायाच्या बेड्या सोडणं आणि आपली भाकर भुकेल्याला देणं. शेठ जैन आहेत, उपासाच्या बाबतीत आम्ही त्यांच्यापुढं कच्चेच, पण हे ऐकलं की थोडा वेळ कॅल्क्युलेटर बाजूला ठेवतात. शेतकऱ्याच्या पट्टीवरचा कडता (मालात धरायची कपात) एकदम कमी झाला असं काही नाही, पण एकदा हमालांची थकलेली मजुरी शनिवारच्या ऐवजी गुरुवारीच दिली, ते मी माझ्या हातानं लिहिलंय रोजमेळात.

तुमच्या पेपरला पण एक विनंती आहे. 25 डिसेंबरला आमच्या चर्चच्या रोषणाईचा आणि सांताची टोपी घातलेल्या पोरांचा फोटो दरवर्षी छापता, छान येतो, घरी कापून ठेवतात. पण गुड फ्रायडेला तुमच्या पानावर पुढाऱ्यांच्या जाहिराती असतात, हात जोडून, ‘गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा’. साहेब, तो येशूला क्रुसावर मारल्याचा दिवस आहे, त्या दिवशी आमच्यात मिस्सा सुद्धा होत नाही. यंदा 3 एप्रिलला येतोय. जाहिरात घेणाऱ्याला जरा सांगून ठेवा, शुभेच्छा रविवारी 5 तारखेला ईस्टरला द्या म्हणावं, पैसे तेवढेच पडतात.

आपला,
एक कॅथलिक वाचक, मिरज