किनाऱ्याची पुस्तकं कशी वाचावीत

गंगाखेड

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, समुद्रकाठानं महिनोन्महिने चालणाऱ्यांची पुस्तकं पन्नास पानांनंतर कंटाळा आणतात. तोच समुद्र, तेच कडे, तेच भिजलेले बूट. नुसती गोष्ट म्हणून वाचलीस तर तसंच होणार. मी ती नकाशा उघडा ठेवून वाचतो आणि भरती-ओहोटीचा हिशेब डोक्यात ठेवतो. आपण गोदाकाठची माणसं. हा हिशेब आपल्या अंगात नसतो, तो मुद्दाम शिकावा लागतो.

इंग्लंडच्या नैऋत्येची वाट बघ. माइनहेड गावापासून पूल नावाच्या गावापर्यंत, १,०१४ किलोमीटर. या दोन गावांतलं सरळ अंतर सव्वाशे किलोमीटरसुद्धा नाही! भूमीचं अख्खं टोक वळसा घालून ती वाट जाते, आणि तीही अगदी काठाला चिकटून. पूर्वी चोरटा माल उतरवणाऱ्यांवर पाळत ठेवायला तटरक्षक पायी गस्त घालायचे. प्रत्येक खाचखळग्यात डोकावून बघायचं, तर काठ सोडून चालणार कसं? त्यांच्याच पायांनी ती वाट पडली. हे माहीत असलं की पुस्तकातला प्रत्येक चढ-उतार कशासाठी आहे ते कळतं.

त्याच वाटेवर अर्म नावाची नदी आडवी येते. तिथं पूल नाही, होडी नाही. ओहोटीच्या आधी साधारण तासभर आणि नंतर तासभर, एवढ्याच वेळात पाण्यातून चालत पलीकडं जाता येतं. वेळ हुकली तर काठावर थांबा, नाहीतर लांबचा फेरा मारा. आता एखादा लेखक त्या दिवशी भल्या पहाटे का निघाला, वाटेत कुठंच का टेकला नाही, ते त्यानं लिहिलं नसलं तरी तुला कळेल. माझ्या मते या पुस्तकांतली खरी गंमत तिथंच आहे. लेखकाच्या मनातल्या उलाढालींची पानं मी भराभर उलटतो. पाणी कसं ओलांडलं ते मात्र दोनदा वाचतो.

आपल्याकडं नर्मदा परिक्रमेची पुस्तकं घरोघरी वाचली जातात. त्यातही समुद्र येतोच. नर्मदा ओलांडायची नाही हा नेम, म्हणून मुखाशी पोचल्यावर विमलेश्वरहून नावेत बसून खाडीतून मिठीतलाईला उतरायचं. ती नाव भरतीवर सुटते. भरती रात्री आली तर रात्री. तिथं घड्याळाला कोण विचारतो!

हिशेब सोपा आहे. तिथीला पाऊणनं गुणायचं की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी, आणि रोज सगळं पाऊण-एक तासानं पुढं सरकत जातं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे पाण्याचा चढ-उतार सगळ्यात कमी. हे ढोबळ गणित कोकणपट्टीला लागू पडतं. नेमकी वेळ मात्र कोष्टकातच बघायची. भिंतीवरचं कालनिर्णय आता मी यासाठीही बघतो. तुझी आई विचारते, आपल्याला इथं कुठली भरती?

तू दापोलीत शिकतेस, म्हणून हे एवढं लिहितोय. हर्णै, मुरुड, कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे, दाभोळ, ही ओळ नकाशात बोट ठेवून बघ. दाभोळला वाशिष्ठीची खाडी आडवी येते. फेरीबोटीनं धोपाव्याला गेलं की गुहागरचा किनारा सुरू. बोट नसेल तर पार चिपळूणकडून वळसा. खाड्या आहेत म्हणूनच कोकणचा किनारा पायी मोजणं अवघड, आणि म्हणूनच तो वाचण्यासारखा.

एकटी जाऊ नकोस. दोन पुळणींच्या मधे खडक लागतात, तिथं वाट आहे की नाही ते तिथल्या कोळ्यांनाच विचार, आणि पाणी चढायला लागलं की पुढं जायचा हट्ट धरू नकोस. एवढं माझं ऐकच.

दिवाळीनंतरच्या पंचमीला मी येतो. पंचमीची भरती पावणेचारला, म्हणजे ओहोटी सकाळी पावणेदहाच्या सुमाराला. आठला मुरुडहून निघू, कर्द्यावरून लाडघरपर्यंत जाऊ. मुक्कामाची सोय बघून ठेव आणि दाभोळच्या फेरीच्या वेळा कळव.

तुझे
अण्णा