उन्हाळा नुसता काढायचा नसतो

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, "कधी एकदा हा उन्हाळा सरतोय असं झालंय." तेव्हा घाईत होते, उत्तर द्यायचं राहिलं, म्हणून आता सवडीने लिहितेय. उन्हाचा त्रास होतो हे खरं, आणि वयाबरोबर तो वाढतो हेही मला कळतं. तरी दारं-खिडक्या लावून, दिवस ढकलत उन्हाळा काढायचा हे काही मला पटत नाही. मला उन्हाळा मनापासून आवडतो आणि ही आवड तुमच्याच घरात लागलेली आहे. त्यातली बहुतेक सुखं फुकट मिळतात, घरबसल्या मिळतात, आणि मुख्य म्हणजे ऊन असल्याशिवाय ती मिळतच नाहीत.

चादरींचंच घे. काल सकाळी धुतलेली चादर दुपारी काढायला गेले तर कडक, खडखडीत वाळलेली. घडी घालताना कागदासारखी मोडत होती. तिच्यात तोंड खुपसून कितीतरी वेळ उभी राहिले. तो वास तुला माहीत आहे; तू कपडे काढून आणलेस की आम्ही त्या ढिगावर लोळायचो आणि तू ओरडायचीस. तो वास येतो तरी कुठून, हे कोपनहेगन विद्यापीठातल्या काही संशोधकांनी खरोखर तपासून पाहिलं. त्यांचा लेख २०२० साली आला. त्यांनी साधे टॉवेल नुसत्या पाण्यात धुतले आणि काही घरात, काही बाहेर सावलीत, तर काही उन्हात वाळत घातले. उन्हातल्या टॉवेलांवर अशी काही सुवासिक रसायनं सापडली जी बाकीच्यांवर नव्हती. त्यातली काही फुलांमध्ये आणि अत्तरांमध्येही असतात. ओल्या कापडावर ऊन पडलं की ती तिथल्या तिथे तयार होत असावीत असा त्यांचा अंदाज आहे. म्हणजे साबण कुठलाही आणा, हा वास बाटलीतून यायचा नाही. तेव्हा चादरी घरातल्या दोरीवर टाकू नकोस. सकाळी लवकर बाहेर घाल आणि उन्हं कलल्यावर काढ. मधल्या वेळात गच्चीवर जायची काही गरज नाही, त्या कुठे पळून जात नाहीत.

बाबा, तुमच्यासाठी वेगळंच काढून ठेवलंय. सकाळी फिरून आलात की झाडाखाली बाकावर बसता ना, तिथे जमिनीकडे नीट बघा. पानांमधून उन्हाचे जे कवडसे पडतात ते गोल असतात. पानांमधल्या फटी मात्र वेड्यावाकड्या असतात, कुठे त्रिकोणी, कुठे नुसती चीर. मग कवडसा गोल कसा? तर ती प्रत्येक छोटी फट सुईच्या भोकाच्या कॅमेऱ्यासारखं काम करते आणि जमिनीवर सूर्याचं चित्र पाडते. म्हणजे तुमच्या पायाशी शेकडो सूर्य पडलेले असतात आणि आपण त्यांच्यावरून चालत जातो! खंडग्रास ग्रहण असलं की हेच कवडसे चंद्रकोरीसारखे होतात. मला हे कळल्यापासून मी झाडाखालून सरळ चालूच शकत नाही, मान खालीच.

यातला तुमच्या कामाचा भाग पुढे आहे. सूर्याचं हे चित्र केवढं पडेल ते फट किती उंचावर आहे यावर ठरतं, आणि ते गणित सोपं आहे. कवडशाची रुंदी मोजायची आणि तिला साधारण १०७ ने गुणायचं, की पानांतली ती फट कवडशापासून किती लांब आहे ते आलं. कवडसा पाच सेंटिमीटरचा असला तर फट सव्वापाच-साडेपाच मीटरवर. सकाळी सूर्य तिरका असतो, त्यामुळे कवडसे लांबट दिसतात. तेव्हा त्यांची अरुंद बाजू मोजायची, म्हणजे तिरकं अंतर मिळतं. फिकट आणि कडा धूसर असलेला कवडसा निवडा. खूप झगझगीत असेल तर फट मोठी आहे असं समजायचं, मग हिशेब चुकतो. फूटपट्टी आणि पेन्सिल खिशात टाकून न्या. दोन-तीन झाडं झाली की मला आकडे कळवा, मी इथल्या झाडांचे कळवते. बघू कोणाचा आकडा मोठा.

आणि झाडाखाली बसलातच तर थोडं जास्त बसा. सावली सगळीकडची सारखी नसते हे तुम्हाला मी सांगायला नको. पत्र्याची शेड ऊन अडवते खरी, पण स्वतः तापते आणि खाली बसलेल्याला वरून भाजत राहते. झाडाचं पान पाणी बाहेर टाकत असतं, त्या पाण्याची वाफ होताना पान गार राहतं, म्हणून झाडाखाली डोक्यावर तापलेलं काहीच नसतं. गंमत अशी की थर्मामीटर धरला तर झाडाखालची हवा बाहेरच्यापेक्षा फारशी गार निघत नाही. आपल्याला जो फरक जाणवतो तो बहुतेक अंगावरचं थेट ऊन टळल्याचा असतो. तेवढं टळलं तरी जीव किती निवतो!

पाण्याचंही असंच. आई, तू संध्याकाळी कुंड्यांना पाणी घालतेस तेव्हा उरलेलं फरशीवर सांडतेस आणि त्यावर अनवाणी उभी राहतेस, हे मी लहानपणापासून बघत आलेय. चेहऱ्यावर तेव्हा जे काही असतं ते इतर कधी नसतं. ते पाणी वाळताना फरशीतली उष्णता घेऊन जातं. ओला नॅपकिन मानेवर ठेवला की बरं वाटतं तेही त्यामुळेच, आणि पंख्याखाली बरं वाटतं त्याचंही कारण तेच. पंखा खोली गार करत नाही, अंगावरचा घाम लवकर वाळवतो, एवढंच. म्हणून खोलीत कोणी नसताना पंखा चालू ठेवण्यात काही अर्थ नाही (बाबांचं हे म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं). फक्त एक लक्षात ठेवा. पारा चाळीसच्या वर गेला तर नुसत्या पंख्यावर विसंबू नका. इतकी तापलेली हवा अंगावर घेतली की शरीर उलट तापतं, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. तेव्हा अंग ओल्या फडक्याने पुसायचं आणि घरातली सगळ्यात गार खोली धरायची.

आता या पत्रातला एवढाच भाग मी जरा दरडावून लिहितेय. वय वाढतं तशी तहान कमी जाणवते. अंगाला पाणी हवं असतं, पण घसा मागत नाही. घामही पूर्वीसारखा येत नाही, म्हणून अंग लवकर तापतं. तेव्हा "तहान नव्हती म्हणून नाही प्यायले" हे आई, तुझं नेहमीचं उत्तर चालणार नाही. तहान लागायची वाट बघायचीच नाही, जाता-येता घोट घोट घ्यायचं. बाबांच्या ज्या गोळ्या चालू आहेत त्यांच्यामुळे पाणी किती प्यायचं याचं काही पथ्य आहे का, हे डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. आणि बाहेरची कामं सकाळीच उरका. सूर्य माथ्यावर बाराच्या सुमारास येतो, पण हवा सगळ्यात जास्त तापते ती त्यानंतर दोन-तीन तासांनी, कारण जमीन तापतच राहते. "बारा वाजून गेले, आता ऊन उतरेल" असं म्हणून बाहेर पडू नका. झालं, दरडावणं संपलं.

दुपारची झोप मात्र निर्धास्त घ्या. बाबा, पोटावर पेपर, कपाळावर चढवलेला चष्मा, आणि कोणी आलं की "छे, मी जागाच होतो!" असं सांगायचं काही कारण नाही. दुपारची सुस्ती जेवणामुळे येते असं आपण म्हणतो, पण जेवला नाहीत तरी त्या वेळेला ती येतेच. शरीराच्या घड्याळातच ती आहे. वीस-पंचवीस मिनिटांची डुलकी पुरते. पेपर तेवढा बाजूला ठेवा, श्वासाबरोबर त्याची पानं सळसळतात आणि आईची झोप मोडते.

रात्री जेवणं झाली की दोघंही गच्चीवर जा. ईशान्येकडे एक टपोरा, निळसर पांढरा तारा दिसेल, रात्र चढेल तसा तो वर वर येईल. तो अभिजित. त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत पोचायला जवळजवळ २५ वर्षं लागतात. तुम्हाला आज दिसेल तो प्रकाश तिथून निघाला तेव्हा मी शाळेत होते, तुम्हा दोघांचे केस काळे होते आणि आपण सगळे त्याच गच्चीवर सतरंजी टाकून झोपत होतो. रात्री हवा गार व्हायची आणि एकाच चादरीवरून आमची ओढाताण चालायची. अभिजितकडे बघितलं की मला ते आठवतं. तुम्हीही बघा, आणि त्याच वेळी मीही इथून बघेन. वेळ ठरवून फोन करूया.

गच्चीवर असताना रातकिड्यांकडेही कान द्या. ते नर असतात, पंखावर पंख घासून आवाज काढतात, आणि हवा जितकी गरम तितका त्यांचा वेग जास्त. डॉल्बेअर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८९७ साली त्यावरून तापमान काढायचं सूत्रच मांडलं होतं. प्रत्येक जातीच्या किड्याची लय निराळी, त्यामुळे आकडा जुळेलच असं नाही. पण आई, तुझा कान तयार आहे. उकाड्याच्या रात्रीची आणि गार रात्रीची लय तुला सहज वेगळी ऐकू येईल.

पहिला पाऊस आला की मला लगेच फोन करायचा, कितीही वाजलेले असोत. त्या वासाचं देणंही उन्हाळ्याकडेच जातं. कोरड्या दिवसांत झाडांमधून निघणारी तेलं माती आणि दगड शोषून घेतात, ती साठत राहतात, आणि थेंब पडले की मोकळी होतात. ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी हे १९६४ मध्ये मांडलं. जोडीला मातीतल्या सूक्ष्मजीवांनी बनवलेला एक पदार्थ असतो, आणि तो ओळखण्यात आपलं नाक फार तरबेज आहे. दिवस जितके कोरडे जातात तितका हा साठा वाढतो. आई, तू ज्या उन्हाला कंटाळलीस तेच ऊन हा साठा करतंय.

मी महिनाअखेरीला रजा काढून येतेय. माझ्यासाठी काही करून ठेवू नका. ती जुनी सतरंजी तेवढी माळ्यावरून उतरवून उन्हात टाका. आई, सतरंजी उतरवायला तू स्टुलावर चढायचं नाहीस, शेजारच्या मुलाला हाक मार. आणि बाबा, कवडशांचे आकडे मी येईपर्यंत ठेवू नका, रविवारच्या फोनवरच सांगा. माझ्या इथल्या एका झाडाचा आकडा साडेनऊ मीटर निघालाय.

तुमची,
लेक