चौकोन भरले की झालं?

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला जुन्या व्हिडिओ गेम्सवरचा लेख आवडला. पण त्यातलं ‘चौकोन भरले की झालं चित्र’ हे वाक्य खटकलं. माझं घर मोबाइल गेम्ससाठी पिक्सेल आर्ट, म्हणजे बारीक रंगीत चौकोन (पिक्सेल) भरून केलेली चित्रं, करूनच चालतं, म्हणून हा पत्रप्रपंच.

सोळा बाय सोळा चौकोनांत हापूस काढून बघा. नवखा माणूस कडेने गडद रंग भरतो, मध्ये फिकट. फळाची उशी होते. याला आम्ही ‘पिलो शेडिंग’ म्हणतो. उजेड कुठून येतोय, हे आधी ठरवावं लागतं. एलिमेंटरीच्या परीक्षेला बसलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं, स्क्रीनसमोर मात्र विसरायला होतं. सावलीसाठी पिवळ्यात नुसता काळा मिसळला तर आंबा नासका दिसतो. सावली तांबूस-जांभळ्याकडे न्यायची, उजेडाची बाजू लिंबाच्या पिवळ्याकडे. चार रंगांत भागतं.

खरी परीक्षा चित्र हलू लागल्यावर. मेमरीतली जागा वाचवायला जुन्या गेम्समध्ये उजवीकडे बघणारं पात्रच उलटवून डावीकडे वापरत. १९९१च्या ‘स्ट्रीट फायटर २’मधला सगट वळला की डोळ्यावरची पट्टी दुसऱ्या डोळ्यावर जाते. पट्टीला सगळे हसतात. अशा उलटवलेल्या पात्राच्या अंगावरचं ऊनही बाजू बदलतं, तिकडे कुणाचं लक्ष जात नाही!

पाण्याचं तर विचारूच नका. पिक्सेल आर्ट करणारे चित्रकार मार्क फेरारी यांनी २५६ रंगांत केलेले देखावे जरूर पाहा. पाणी वाहताना दिसतं, पण एकही चौकोन जागचा हलत नाही. रंगांच्या यादीतल्या काही निळ्या छटा फक्त क्रमाने एकमेकींच्या जागी सरकत राहतात. त्यासाठी कोणत्या चौकोनाला कितव्या क्रमांकाचा रंग द्यायचा, हे चित्र काढतानाच डोक्यात पक्कं लागतं. प्रतिबिंबाचंही तसंच. झाड उलटं करून खाली चिकटवलं की ते काचेवर ठेवल्यासारखं दिसतं. आडव्या ओळी एक-दोन पिक्सेल इकडेतिकडे सरकवल्या आणि रंग जरा मंद केले, तर कुठे पाणी वाटतं.

आता एक तक्रार. लेखासोबतचं चित्र छापताना ताणल्यामुळे सगळ्या कडा पुसट झाल्या होत्या. पुन्हा असं चित्र छापाल तेव्हा ते दुप्पट, तिप्पट अशा पूर्ण पटीतच मोठं करावं आणि सॉफ्टवेअरमध्ये ‘निअरेस्ट नेबर’ हा चौकोनांच्या कडा पुसट न करणारा पर्याय निवडावा, ही विनंती.

आपली,
एक वाचक, नाशिक